प्रगत इंग्रजी शब्दसंपदा कशी वाढवावी : मराठी वाचकासाठी एक अभ्यासपद्धती

मराठी माध्यमातून शिकलेल्या अनेकांची इंग्रजीच्या बाबतीत एक ठरावीक अडचण असते. बातमी समजते, कार्यालयातील पत्रव्यवहार जमतो, पाठ्यपुस्तकही वाचता येते. मात्र अग्रलेख, न्यायालयाचा निकाल, संशोधनपर लेख किंवा स्पर्धा परीक्षेतील उतारा समोर आला की दर दोन-चार ओळींनंतर एखादा अनोळखी शब्द वाट अडवतो आणि आशय हातातून निसटतो. यावर बहुतेक जण एकच उपाय करतात : कठीण शब्दांची यादी मिळवायची आणि रोज पन्नास शब्द त्यांच्यासमोरच्या एकेका मराठी अर्थासह पाठ करायचे. हा उपाय कष्टाचा असूनही फारसा उपयोगी पडत नाही. तो का पडत नाही हे नीट समजून घेतले, तर पुढचा अभ्यास बराच सोपा होतो.

या लेखात इंग्रजी शब्द देवनागरीत दिले आहेत. प्रत्येक शब्दाचे स्पेलिंग शब्दकोशात स्वतः शोधावे आणि ते हाताने वहीत लिहून घ्यावे, कारण शोधून लिहिलेला शब्द नुसत्या वाचलेल्या शब्दापेक्षा अधिक काळ लक्षात राहतो.

एका शब्दाला एक अर्थ पुरत नाही

‘मिटिगेट’ या शब्दापुढे यादीत ‘कमी करणे’ असा अर्थ असतो. ‘अलीव्हिएट’पुढेही तोच असतो. ‘अले’, ‘अस्वेज’, ‘अबेट’, ‘कर्टेल’ यांच्यापुढेही थोड्याफार फरकाने तोच. सहा शब्दांना एकच अर्थ पाठ केलेला विद्यार्थी परीक्षेत रिकामी जागा भरताना गोंधळतो आणि लिहिताना पंख्याचा वेग ‘मिटिगेट’ करून मोकळा होतो. वास्तविक हे सहाही शब्द वेगवेगळ्या ठिकाणी राबतात. ‘मिटिगेट’ हा शब्द धोका, नुकसान, पुराचे किंवा हवामानबदलाचे परिणाम यांच्यासाठी येतो आणि त्यात वाईट गोष्टीची तीव्रता सौम्य करण्याचा भाव असतो. आरोपीची शिक्षा सौम्य करण्याजोगी परिस्थिती सांगतानाही वकील हाच शब्द वापरतात. ‘अलीव्हिएट’ वेदना, दारिद्र्य, हालअपेष्टा यांच्या सोबतीने येतो; त्यात भार हलका होतो, पण मूळ कारण नाहीसे झाले असे त्यातून सूचित होत नाही. ‘अले’ म्हणजे भीतीचे किंवा शंकेचे निरसन करणे. ‘अस्वेज’ म्हणजे शोक, अपराधीपणाची टोचणी किंवा भूक शमवणे. ‘अबेट’ हा शब्द बहुधा स्वतःहून ओसरणाऱ्या गोष्टींसाठी असतो. वादळ ओसरते, पूर ओसरतो, लोकांचा संताप ओसरतो. ‘कर्टेल’मध्ये छाटण्याचा भाव आहे, म्हणून खर्चाला कात्री लावणे, अधिकारांवर मर्यादा आणणे, दौरा आवरता घेणे अशा ठिकाणी तो शोभतो.

सौम्य करणे, हलके करणे, निरसन करणे, शमवणे, ओसरणे, कात्री लावणे हे सारे प्रयोग मराठीत आधीपासून आहेत. म्हणजे मराठीत या छटा नव्हत्या म्हणून अडचण आली असे नाही. यादी करणाऱ्याने घाईने सगळ्यांना एकाच झाकणाखाली घातले म्हणून ती आली. म्हणून पहिला नियम असा धरावा की नव्या शब्दाबरोबर तो ज्या नामांसोबत वारंवार येतो अशी निदान दोन नामे लिहून घ्यावीत आणि त्या जोडीला शोभेल असा नेमका मराठी शब्दप्रयोग शोधावा. दिवसाला पन्नास शब्दांऐवजी पाचच शब्द झाले तरी चालतील.

कोणते शब्द आधी शिकावेत

प्रगत शब्द म्हटले की लोक थेट अत्यंत दुर्मिळ शब्दांकडे वळतात. हा क्रम उलटा आहे. मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली सुमारे २००० सर्वाधिक उपयोगी इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. हा पाया बहुतेक पदवीधरांचा पक्का असतो. त्यानंतर न्यूझीलंडमधील अभ्यासक अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली शैक्षणिक लेखनात वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुटुंबांची यादी मांडली. शब्दकुटुंब म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याची सर्व रूपे. ‘डिराइव्ह’, ‘डेरिव्हेशन’ आणि ‘डेरिव्हेटिव्ह’ हे एकाच कुटुंबातले. ही ५७० कुटुंबे शैक्षणिक मजकुराचा साधारण दहावा हिस्सा व्यापतात, असे त्या अभ्यासात आढळले. एवढ्या थोड्या शब्दांनी एवढा मोठा भाग उलगडत असेल, तर अभ्यासाची सुरुवात तेथूनच करणे शहाणपणाचे आहे. ‘अ‍ॅम्बिग्युअस’ म्हणजे संदिग्ध, ‘आर्बिट्ररी’ म्हणजे मनमानी किंवा कोणत्याही निकषाविना ठरवलेले, ‘कोहीरन्ट’ म्हणजे सुसंगत, ‘इम्प्लिसिट’ म्हणजे अध्याहृत, ‘इन्हेरन्ट’ म्हणजे अंगभूत, ‘नॉटविथस्टँडिंग’ म्हणजे काहीही असले तरी. हे शब्द या यादीतले असून अग्रलेखापासून शासकीय अधिनियमापर्यंत सर्वत्र भेटतात.

न्यूझीलंडचेच पॉल नेशन यांनी २००६ साली असा हिशेब मांडला की सर्वसामान्य लिखित इंग्रजीतले शंभरातले ९८ शब्द ओळखीचे असावेत असे वाटत असेल, तर ८००० ते ९००० शब्दकुटुंबांची ओळख लागते. हा आकडा पाहून दडपून जाण्याचे कारण नाही. मात्र एका महिन्यात इंग्रजीवर प्रभुत्व मिळवून देणाऱ्या आश्वासनांवर किती विश्वास ठेवायचा, हे त्यावरून ठरवता येते.

परीक्षेसाठी अभ्यास करणाऱ्यांनी आपली परीक्षा नेमके काय विचारते ते आधी पाहावे. परदेशातील पदव्युत्तर प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या जीआरई परीक्षेतून २०११ साली विरुद्धार्थी शब्दांचे आणि शब्दसंबंधांचे सुटे प्रश्न काढून टाकण्यात आले आणि वाक्याच्या संदर्भात शब्द निवडण्यावर भर आला. अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशासाठीच्या सॅट परीक्षेनेही २०१६च्या नव्या रचनेत दुर्मिळ शब्दांना फाटा दिला. याउलट कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षांत समानार्थी, विरुद्धार्थी आणि अनेक शब्दांबद्दल एक शब्द असे प्रश्न अजून असतात, त्यामुळे तेथे ‘न्युमिस्मॅटिस्ट’ म्हणजे नाण्यांचा अभ्यासक किंवा ‘मिसॉजिनिस्ट’ म्हणजे स्त्रीद्वेष्टा असे शब्द सुटेसुटे माहीत असावेच लागतात.

उपसर्ग आणि धातू : मराठी वाचकाच्या हातातली किल्ली

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण येथे मराठी वाचकाची स्थिती अनुकूल असूनही त्याला ती कोणी सांगत नाही. ‘हृ’ या एकाच धातूपासून प्रहार, आहार, संहार, विहार आणि परिहार हे शब्द झाले आणि केवळ उपसर्ग बदलल्याने अर्थ कुठल्या कुठे गेला, हे संस्कृतच्या वर्गात बसलेल्या प्रत्येकाने ऐकलेले असते. इंग्रजीतील प्रगत शब्दांपैकी फार मोठा भाग लॅटिन आणि ग्रीक भाषांतून आलेला असून त्यांची घडण याच पद्धतीची आहे.

‘पाहणे’ या अर्थाचा लॅटिन धातू घेऊ. इंग्रजीत तो ‘स्पेक्ट’ किंवा ‘स्पिक’ या रूपात आढळतो. आत पाहणे म्हणजे ‘इन्ट्रोस्पेक्शन’, अर्थात आत्मपरीक्षण. मागे पाहणे म्हणजे ‘रेट्रोस्पेक्टिव्ह’. शासन निर्णयात ‘पूर्वलक्षी प्रभावाने’ असे शब्द येतात ते याचेच भाषांतर. चौफेर पाहून पाऊल टाकणारा तो ‘सर्कम्स्पेक्ट’, म्हणजे सावध. खाली पाहण्याजोगा, तुच्छ मानण्याजोगा तो ‘डिस्पिकेबल’. आरपार पाहू शकणारा तो ‘पर्स्पिकेशस’, म्हणजे मर्मज्ञ. सहज नजरेत भरणारा तो ‘कॉन्स्पिक्युअस’. दिसायला बरोबर पण मुळात पोकळ अशा युक्तिवादाला ‘स्पीशस’ म्हणतात. प्रशस्त या अर्थाचा ‘स्पेशस’ वेगळा, त्याचा या धातूशी संबंध नाही. आणि ‘ऑस्पिशस’ म्हणजे शुभ, या शब्दात तर पक्ष्यांकडे पाहणे दडलेले आहे, कारण प्राचीन रोममध्ये पक्ष्यांच्या उड्डाणावरून शुभाशुभ ठरवणारे पुरोहित असत. आपल्याकडील ‘शकुन’ या शब्दाचाही संस्कृतातला मूळ अर्थ पक्षी असाच आहे. एवढे कळल्यावर ‘ऑस्पिशस’ पाठ करण्याची गरज राहत नाही.

या धातूचे संस्कृतातले भावंड म्हणजे ‘स्पश्’, ज्यापासून आपला ‘स्पष्ट’ झाला. असे नाते योगायोगाचे नव्हे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एका समान मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात, असे विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीतील भाषणात सांगितले आणि पुढच्या भाषाशास्त्राने ते सिद्ध केले. म्हणून ‘इग्नाइट’मध्ये अग्नी दिसतो, ‘डोनर’मध्ये दान दिसते, ‘मॉर्टल’मध्ये मर्त्य आणि ‘इनोव्हेट’मध्ये नव दिसते. ‘अ‍ॅग्नॉस्टिक’ या ग्रीक वळणाच्या शब्दात नकारार्थी ‘अ’ आणि ‘ज्ञा’चे भावंड आहे, आणि आपण त्याला अज्ञेयवादी म्हणतो तेव्हा जवळजवळ अवयवास अवयव जुळतो. ‘पिक्यूनिअरी’ म्हणजे आर्थिक, ‘इम्पिक्यूनिअस’ म्हणजे कफल्लक. या दोहोंच्या मुळाशी गुरेढोरे या अर्थाचा लॅटिन शब्द आहे आणि तो आपल्या ‘पशु’चा नातेवाईक आहे. पशुधन हेच धन असण्याच्या काळाची ती खूण आहे.

ग्रीकमधला ‘डेम’, म्हणजे लोक, हा घटकही अत्यंत उपयोगी आहे. लोकांवर येऊन कोसळणारी साथ ती ‘एपिडेमिक’. सर्व लोकांत, सर्व देशांत पसरणारी ती ‘पॅन्डेमिक’. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविडला हाच शब्द लावला. लोकांमध्ये, म्हणजे एका प्रदेशात, कायम मुक्काम असणारा आजार तो ‘एन्डेमिक’. वनस्पतिशास्त्रात हाच ‘एन्डेमिक’ ठरावीक प्रदेशातच आढळणाऱ्या जातींना लावतात आणि मराठीत त्याला ‘प्रदेशनिष्ठ’ असा सुंदर प्रतिशब्द रूढ आहे. सह्याद्रीतील कंदीलपुष्पाच्या कित्येक जाती प्रदेशनिष्ठ आहेत.

मात्र या किल्लीने प्रत्येक कुलूप उघडत नाही. ध्वनिसाम्यावरून अर्थ काढू गेल्यास काही शब्द हमखास फसवतात. ‘नॉइसम’चा गोंगाटाशी संबंध नसून तो दुर्गंधीयुक्त किंवा किळसवाणा या अर्थाचा आहे. ‘एनर्व्हेट’ ऐकून ऊर्जा देणे असे वाटते, परंतु त्याचा अर्थ नेमका उलटा, म्हणजे शक्ती काढून घेणे, गलितगात्र करणे असा आहे. ‘रेस्टिव्ह’ म्हणजे विश्रांत नव्हे, तर अस्वस्थ, चुळबुळणारा. ‘मेरिट्रिशस’मध्ये गुणवत्ता नाही, वरवरचा भपका आहे. ‘ऑफिशस’ माणूस अधिकारी असेलच असे नाही. तो लुडबुड्या असतो. ‘इन्व्हॅल्युएबल’ म्हणजे मूल्यहीन नव्हे, तर अमूल्य. आणि आपला ‘अमूल्य’ही त्याच घडणीचा असल्यामुळे मराठी वाचकाने तरी येथे फसू नये. नियम साधा आहे : मुळावरून अंदाज बांधावा, पण शब्दकोशात खात्री केल्याशिवाय तो वहीत लिहू नये.

दोन भाषांतला एकच मजकूर

शब्दांचा उत्तम संदर्भ मिळवण्याचा एक विनामूल्य मार्ग आपल्याजवळ आहे, तो म्हणजे भारताच्या संविधानाची उद्देशिका. ती शाळेच्या पाठ्यपुस्तकात असल्यामुळे मराठीतून अनेकांना तोंडपाठ असते. तिचा इंग्रजी मजकूर शेजारी ठेवून ओळीओळीने वाचावा. ‘सॉलेम्नली रिझॉल्व्ह्ड’ या दोन शब्दांसाठी मराठीत ‘संकल्पपूर्वक निर्धार’ असे शब्द आहेत. यादीतल्या ‘गंभीरपणे ठरवले’ या अर्थापेक्षा ते किती भारदस्त आणि नेमके आहेत हे लगेच जाणवते. ‘सिक्युअर’ या क्रियापदाचा आपल्याला माहीत असलेला अर्थ सुरक्षित करणे हा; येथे मात्र नागरिकांना न्याय, स्वातंत्र्य आणि समानता ‘निश्चितपणे प्राप्त करून देणे’ असा तो आला आहे, आणि प्रगत इंग्रजी लेखनात हा अर्थ वारंवार भेटतो. ‘फ्रॅटर्निटी’ म्हणजे बंधुता, आणि तिच्या मुळाशी असलेला लॅटिन शब्द आपल्या ‘भ्रातृ’चा सख्खा आहे. ‘इन्टेग्रिटी’ येथे राष्ट्राची एकात्मता सांगतो; हाच शब्द माणसाला लावला की त्याचा अर्थ सचोटी होतो. अखंडपणा हा दोन्ही अर्थांतला समान धागा लक्षात आला की दोन्ही अर्थ एकदमच कायमचे बसतात.

वृत्तपत्रांच्या बाबतीतही असेच करावे. एकाच दिवशी एकाच घटनेची बातमी मराठीत आणि इंग्रजीत वाचली की न्यायालयीन आणि प्रशासकीय शब्दांचे जोड आपोआप जुळतात. ‘सब ज्युडिस’ म्हणजे न्यायप्रविष्ट, ‘प्रायमा फेसी’ म्हणजे प्रथमदर्शनी, ‘स्टेटस को’ राखण्याचा आदेश म्हणजे ‘जैसे थे’ आदेश, ‘एक्स ग्रेशिया’ म्हणजे सानुग्रह अनुदान, ‘अ‍ॅडजर्न’ म्हणजे तहकूब करणे. रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० रोजी कर्जाच्या हप्त्यांना तीन महिन्यांची मुभा जाहीर केली, तेव्हा ‘मोरेटोरियम’ हा शब्द घरोघरी पोहोचला आणि ज्यांचा हप्ता थांबला त्यांनी तो पुन्हा कधी विसरला नाही. शब्द एखाद्या प्रत्यक्ष गोष्टीला बांधला गेला की तो टिकतो. अभ्यासात हे मुद्दाम घडवून आणायचे असते. सर्वोच्च न्यायालयाचे काही निकाल आता मराठी अनुवादातही उपलब्ध असतात, त्यामुळे ज्यांना कायद्याची गोडी आहे त्यांना यापुढचा टप्पाही गाठता येईल.

छटा आणि सूर

अर्थ बरोबर असूनही शब्द चुकू शकतो, कारण प्रत्येक शब्दात स्तुती, निंदा किंवा तटस्थता मिसळलेली असते. पैसे जपून खर्च करणाऱ्या माणसाला ‘थ्रिफ्टी’ म्हटले तर ते काटकसरी म्हणून केलेले कौतुक असते. ‘फ्रूगल’मध्ये साधेपणाने, अल्प गरजांत राहण्याचा भाव असून तोही बहुधा आदराचा आहे. ‘पार्सिमोनिअस’ म्हटले की तो चिक्कू ठरतो, आणि ‘मायझर्ली’ म्हणजे कवडीचुंबक. शिफारसपत्रात उमेदवाराला ‘पार्सिमोनिअस’ म्हणणारा शिक्षक त्याचे नुकसान करत असतो. बोलण्यासंबंधीचे शब्दही असेच लावून पाहावेत : ‘एलोक्वन्ट’ म्हणजे प्रभावी बोलणारा, ‘व्होल्युबल’ म्हणजे धो-धो बोलणारा, ‘लोक्वेशस’ म्हणजे बोलघेवडा, ‘गॅर्युलस’ म्हणजे निरर्थक बडबड करून कंटाळा आणणारा. दुसऱ्या टोकाला ‘रेटिसन्ट’ म्हणजे मनातले सहज न सांगणारा, ‘लकॉनिक’ म्हणजे मोजक्या शब्दांत नेमके बोलणारा, आणि ‘टॅसिटर्न’ म्हणजे घुमा. कवडीचुंबक, बोलघेवडा, घुमा असे अस्सल शब्द प्रतिशब्द म्हणून लिहिले की छटा क्षणात मनात उतरते. ‘अत्यंत कमी बोलणारा’ अशा गुळगुळीत अर्थाने ती उतरत नाही.

सुराचा आणखी एक पदर इतिहासातून आला आहे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर राज्यकारभाराची भाषा फ्रेंच झाली, विद्वानांची भाषा लॅटिन होतीच, आणि सामान्यांची बोली जुनी इंग्रजी राहिली. त्यामुळे अनेक कल्पनांसाठी इंग्रजीत तीन थर आहेत. ‘आस्क’ म्हणजे साधे विचारणे, ‘क्वेश्चन’ म्हणजे प्रश्न करणे, ‘इन्टेरोगेट’ म्हणजे कसून चौकशी करणे. मराठीत घर, हवेली आणि सदन हे तीन शब्द तीन परंपरांतून आले आणि त्यांची जागा आपण कधी चुकवत नाही. इंग्रजी शब्द शिकताना तो कोणत्या थरातला आहे एवढे लक्षात ठेवल्यास अर्जात बोलभाषा आणि गप्पांत न्यायालयाची भाषा येणार नाही.

गोंधळाच्या जोड्या

ज्या ठिकाणी मराठीतला एकच शब्द इंग्रजीतल्या दोन शब्दांना पुरतो, त्या ठिकाणी मराठी वाचक सर्वाधिक चुकतो, म्हणून अशा जोड्या स्वतंत्रपणे अभ्यासाव्यात. ‘ऐतिहासिक’ हा एकच शब्द आपण वापरतो; पण इतिहासात नोंद व्हावी असा प्रसंग ‘हिस्टॉरिक’ असतो आणि इतिहासासंबंधी कोणतेही साधन ‘हिस्टॉरिकल’ असते. ‘सतत’ पडणारा पाऊस क्षणभरही न थांबता पडला तर ‘कन्टिन्युअस’ आणि थांबून थांबून पुनःपुन्हा पडला तर ‘कन्टिन्युअल’. न्यायाधीश ‘डिसइन्टरेस्टेड’ असावा, म्हणजे त्याचा खटल्यात स्वार्थ नसावा. तो ‘अनइन्टरेस्टेड’ असेल, म्हणजे त्याला खटल्यात रसच नसेल, तर पक्षकारांचे कठीण आहे. ‘फ्लाउट’ म्हणजे नियम धाब्यावर बसवणे आणि ‘फ्लॉन्ट’ म्हणजे मिरवणे. ‘इन्जीनिअस’ म्हणजे कल्पक, ‘इन्जेन्युअस’ म्हणजे भाबडा. ‘क्रेडिबल’ म्हणजे विश्वासार्ह, ‘क्रेड्युलस’ म्हणजे कोणावरही विश्वास टाकणारा भोळसट. ‘ज्युडिशिअल’ म्हणजे न्यायालयीन, ‘ज्युडिशस’ म्हणजे विवेकपूर्ण.

‘सॅन्क्शन’ या शब्दाची तर विशेष काळजी घ्यावी. कर्ज किंवा निधी ‘सॅन्क्शन’ होतो तेव्हा तो मंजूर होतो. एखाद्या देशावर ‘सॅन्क्शन्स’ लादल्या जातात तेव्हा ते निर्बंध असतात. ‘ओव्हरसाइट’ही देखरेख आणि नजरचूक असे दोन्ही अर्थ बाळगून आहे. अशा शब्दांचा निर्णय वाक्यच देते.

शब्दकोश, वही आणि उजळणी

शब्दकोश निवडताना इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी तयार केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश घ्यावा. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये शिकवत असताना असा कोश तयार केला, तो १९४२ साली तेथे निघाला आणि १९४८पासून ऑक्सफर्डने तो प्रकाशित केला. १९७८च्या लाँगमन कोशाने तर सर्व व्याख्या सुमारे २००० सोप्या शब्दांतच देण्याचे बंधन पाळले. त्यामुळे अर्थ पाहताना दुसऱ्या कठीण शब्दात अडकायला होत नाही. आधी ही व्याख्या आणि तिच्याखालची उदाहरणे वाचावीत, मगच मराठी प्रतिशब्द ठरवावा. मराठी प्रतिशब्द शोधताना मोल्सवर्थचा १८३१ सालचा मराठी-इंग्रजी कोश उलट दिशेने चाळणे हा मला फार लाभदायक व्यायाम वाटतो. आपल्याच भाषेतल्या विस्मृतीत गेलेल्या छटा तेथे इंग्रजी स्पष्टीकरणासह सापडतात.

वहीतली एक नोंद कशी असावी ते पाहू. शब्द आहे ‘इग्झॅसर्बेट’. क्रियापद, उच्चारताना जोर दुसऱ्या अवयवावर, म्हणजे दुसऱ्या उच्चारखंडावर. मुळाशी कडू, तिखट या अर्थाचा लॅटिन शब्द. अर्थ : आधीच वाईट असलेली गोष्ट आणखी बिघडवणे. सोबत येणारी नामे : प्रश्न, संकट, तणाव, टंचाई, आजार. चांगल्या गोष्टीसोबत कधीही येत नाही, म्हणजे आनंद किंवा यश ‘इग्झॅसर्बेट’ होत नाही. मराठी प्रतिशब्द : चिघळवणे. नाम : ‘इग्झॅसर्बेशन’, दम्याचा त्रास अचानक बळावला की डॉक्टर हा शब्द लिहितात. स्वतःचे वाक्य : ‘द डिलेड मान्सून इग्झॅसर्बेटेड द वॉटर शॉर्टेज इन मराठवाडा.’ एवढ्या ओळी लिहायला पाच मिनिटे लागतात. जखम चिघळते तसा प्रश्नही चिघळतो, आणि ‘चिघळवणे’ हा प्रतिशब्द सापडला त्या क्षणी नोंदीचे निम्मे काम झालेले असते.

उजळणीशिवाय यातले काहीही टिकणार नाही. हर्मन एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवून दिले की नवे पाठ केलेले सुरुवातीला वेगाने आणि मग सावकाश विस्मरणात जाते. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी, पुढची तीन-चार दिवसांनी, नंतर आठवड्याने आणि मग महिन्याने अशी अंतर वाढवत करावी. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७०च्या दशकात लोकप्रिय केलेली कप्प्यांची पेटी यासाठी सोयीची आहे : शब्द चिठ्ठ्यांवर लिहायचे, उत्तर बरोबर आले की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकले की पुन्हा पहिल्या कप्प्यात. पहिला कप्पा रोज पाहायचा, पुढचे कप्पे अधिकाधिक अंतराने. मोबाइलवरील अनेक अ‍ॅप हेच तत्त्व वापरतात. चिठ्ठीच्या पुढच्या बाजूला सुटा शब्द न लिहिता त्या शब्दाची जागा रिकामी ठेवलेले वाक्य लिहावे, म्हणजे अर्थाबरोबर वापरही तपासला जातो.

उच्चाराकडे दुर्लक्ष करू नये. मराठीत लिहिल्याप्रमाणे वाचण्याची सवय असल्यामुळे वाचून शिकलेले शब्द बोलताना घात करतात. ‘एपिटमी’चा ‘एपिटोम’ होतो, ‘हायपर्बली’चा ‘हायपरबोल’ होतो, आणि ‘इन्डाइट’मधला ‘सी’ व ‘सटल’मधला ‘बी’ उगाच उच्चारला जातो. ऑनलाइन कोशात उच्चार ऐकून, जोर कोणत्या अवयवावर आहे ते पाहून, नोंदीतच खूण करावी.

लेखनात वापर

आठवड्यातून एकदा त्या आठवड्यातले चार-पाच शब्द घेऊन दहा ओळींचा उतारा लिहावा, आणि तो लिहिताना विषय आपल्या माहितीतला घ्यावा. गावातली पाणीयोजना, सहकारी संस्थेची निवडणूक, मुलांच्या शाळेतली प्रवेशप्रक्रिया, काहीही चालेल. लिहून झाल्यावर प्रत्येक शब्द कोशातल्या उदाहरणांशी ताडून पाहावा : सोबतचे नाम तसेच आहे का, पुढचे शब्दयोगी अव्यय बरोबर आहे का, सूर जुळतो का. ‘अ‍ॅव्हर्स’नंतर ‘टू’ येतो आणि ‘डिव्हॉइड’नंतर ‘ऑफ’ येतो, अशा बारीक गोष्टी याच टप्प्यावर पक्क्या होतात.

वाचताना ओळखता येणारे शब्द नेहमीच लिहिताना वापरता येणाऱ्या शब्दांपेक्षा पुष्कळ अधिक असतात, आणि ते तसेच असावे. निबंधात किंवा मुलाखतीच्या अर्जात ‘यूझ’ पुरत असताना ‘युटिलाइझ’ आणि ‘बिगिन’ पुरत असताना ‘कमेन्स’ घातल्याने परीक्षकावर छाप पडत नाही, वाक्य मात्र जड होते. कठीण शब्द तेव्हाच आणावा, जेव्हा त्याच्याइतके नेमके दुसरे काही सांगत नाही. एखादा शब्द वाक्यात नक्की बसतो की नाही याबद्दल शंका असेल, तर उत्तरपत्रिकेत तो टाळावा. वहीत मात्र त्याच्यापुढे खूण करून ठेवावी, आणि पुढच्या वाचनात तो कोठे, कोणत्या नामाबरोबर येतो याकडे लक्ष ठेवून ते वाक्य त्या खुणेखाली उतरवून घ्यावे.